गारव्याची राखण

अग्नी प्रज्वलित करण्याची विद्या मानवाला इतिहासपूर्व काळातच साध्य झाली; परंतु उष्णतेचा परिहार करून अन्न आणि पाणी थंड राखण्याची विद्या पूर्णपणे हस्तगत व्हावयास त्याला एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत थांबावे लागले, आणि त्या दीर्घ प्रतीक्षेच्या काळात गारवा ही वस्तू निर्माण करण्यापेक्षा राखण्याचीच आहे ही जाणीव त्याच्या अंगी पुरती मुरली. आज आपल्या स्वयंपाकघरात अहोरात्र चालू असणारे शीतकपाट, ज्याला आपण सरसकट फ्रिज म्हणतो, त्याच्या विजेचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा याची चर्चा सर्वत्र होते. परंतु ही चर्चा बहुधा यंत्रापासून सुरू होऊन यंत्रापाशीच संपते. मला तिची मुळे त्याहून पुष्कळ मागे, आपल्याच मुंबई शहराच्या इतिहासात दिसतात.

यंत्रपूर्व काळात गारव्याचा मुख्य आधार म्हणजे बाष्पीभवन. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाताना दर किलोमागे सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जाते. म्हणजे एक किलो पाणी उडाले तर सुमारे 58 किलो पाण्याचे तापमान 10 अंशांनी उतरविण्याइतकी उष्णता त्याने नेलेली असते. हे गणित कोणी मांडलेले नव्हते, तरी रांजण घडवंचीवर वाऱ्याच्या वाटेत ठेवावा, त्याच्या बुडाशी ओली वाळू असावी, दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडावे, दुभत्याचे कपाट माजघराच्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात असावे, ही सर्व व्यवस्था त्याच गणिताला अनुसरून होती. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांत आबदारखान्याची गणना होत असे, यावरून पाण्याच्या व्यवस्थेला राजदरबारी केवढे स्थान होते ते दिसून येते. मोगलांच्या दरबारी तर याहून मोठा थाट होता. अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त शोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत नमूद केली असून, बादशहाचा मुक्काम लाहोरास गेल्यावर उत्तरेच्या पर्वतांतून बर्फ आणविण्याचा बंदोबस्त कसा होता तेही सांगितले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत अलाहाबादेस हिवाळ्याच्या कोरड्या रात्री गवताच्या अंथरणावर मातीची उथळ परळे मांडून, त्यांत पहाटे धरलेला बर्फाचा पातळ पापुद्रा गोळा करून खोल खड्ड्यांत साठवीत. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने तेथील आपल्या वास्तव्यात या उद्योगाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे.

मात्र यांपैकी कोणताही उपाय मुंबईच्या फारसा कामाचा नव्हता. जेथे हवा कोरडी तेथे माठ चांगला काम देतो. म्हणून नागपूर-अमरावतीकडे वैशाखातही माठाचे पाणी दातांना कळावे इतके गार लागते, आणि समुद्रकाठी, जेथे हवाच पाण्याने जड झालेली असते, तेथे तोच माठ निम्म्यानेही उपयोगी पडत नाही. अलाहाबादेसारखी थंडीची रात्र तर मुंबईच्या नशिबी कधीच नाही. सबब या बेटावरील लोकांना बर्फाचे जे अप्रूप वाटले ते केवळ श्रीमंती चैनीचे नव्हते. त्याच्या मुळाशी येथील हवेचा एक खराखुरा जाच होता.

तो जाच दूर करणारा माल आला तो थेट अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने 1806 साली मार्टिनिक बेटावर बर्फाचे पहिले जहाज धाडले, तेव्हा त्याचा व्यवहार वेडेपणाचा ठरला होता, आणि पुढे कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. परंतु हा मनुष्य मोठा चिकाटीचा. बर्फ कसा मिळवावा हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच, कारण मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर दर हिवाळ्यात तो फुकट पडलेला असे. तो वितळू न देता कसा न्यावा, हाच एक प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरासाठी त्याने आयुष्य वेचले. लाकडाच्या वखारींत कचरा म्हणून पडून राहणारा भुसा त्याने बर्फाच्या भोवती दाबून भरला, आणि निरुपयोगी जिन्नस निर्यातीचा आधार झाला. त्याचा सहकारी नॅथॅनिएल वाइथ याने 1825 च्या सुमारास घोड्याने ओढावयाचा बर्फनांगर योजून तळ्यावरील बर्फाच्या एकसारख्या चौकोनी लाद्या कापण्याची तजवीज केली. या लाद्यांचे महत्त्व केवळ कापणी जलद होण्यात नव्हते: एकसारख्या लाद्या एकमेकींना भिडून रचता येत, मध्ये हवेला फट राहात नसे, आणि त्यामुळे बर्फाची राशी स्वतःच स्वतःचे रक्षण करी.

12 मे 1833 रोजी ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले, आणि तेव्हाही सुमारे 100 टन बर्फ शाबूत होता. सरकारने या मालावरील जकात माफ केली, आणि रात्रीच्या गारव्यात माल उतरविण्याची खास मुभा दिली. गव्हर्नर जनरल बेंटिंक याने मालाबरोबर आलेल्या रॉजर्स या ट्यूडरच्या भागीदाराला चांदीचा पेला नजर करून त्याचा गौरव केला. सरकारी दफ्तराने मध्यरात्री हमाल लावण्याची परवानगी बर्फासाठी द्यावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कारण उन्हात गेलेला प्रत्येक तास म्हणजे डोळ्यांदेखत वाहून जाणारे पाणी, हे त्या दफ्तरालाही समजत होते.

पुढच्याच वर्षी, 1834 साली, अमेरिकन बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जीजीभाई यांनी, ज्यांना ‘सर’ हा किताब मिळावयास अद्याप आठ वर्षे अवकाश होता, आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि यजमान व पाहुणे या दोघांनाही सर्दी झाल्याची वार्ता ‘मुंबई समाचार’ने दिली, ही हकीकत मुंबईच्या बहुतेक इतिहासकारांनी सांगितली आहे. पुढे कोटात, सेंट अँड्र्यूज या स्कॉटिश प्रार्थनामंदिराच्या निकट, घुमटाकृती बर्फगृह उभे राहिले. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून जाड भिंती, आणि वितळलेले पाणी साचून उरलेल्या बर्फास झिजवू नये म्हणून त्याचा तत्काळ निचरा, या दोन गोष्टी अशा इमारतींच्या बांधणीत मुख्य असत. मद्रासचे बर्फगृह, जेथे 1897 साली पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद काही दिवस राहिले, ते त्यांच्या नावाने आजही उभे आहे. मुंबईचे मात्र केव्हाच जमीनदोस्त झाले. हेन्री डेव्हिड थोरो याने 1846-47 च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणारी मजुरांची फौज पाहिली, आणि आपल्या कुटीसमोरचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील लोक पिणार आहेत, हा विचार त्याने आपल्या ग्रंथात नोंदविला.

या बर्फाच्या युगात प्रत्येक गिऱ्हाईक गारव्याचा राखणदार होता. बर्फ घोंगडीत गुंडाळून घरी न्यावयाचा, लाकडी पेटीत भुशाच्या किंवा फलालीनच्या आवरणात ठेवावयाचा, झाकण कामापुरतेच उघडावयाचे, ही शिस्त नोकराचाकरांपासून मालकापर्यंत सर्वांना अवगत होती. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तेवढ्या उष्णतेला कोणत्या वाटेने आत शिरू दिले, याचा जाब देणारी ओल पेटीखाली लगेच दिसत असे. त्या काळाची एक खूण आजही आपल्या व्यवहारात टिकून आहे: वातानुकूलन यंत्राची ताकद आपण टनांत मोजतो, आणि तो टन म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषील तेवढ्या शक्तीचे माप होय.

ज्या 1834 साली मुंबईकरांनी बोस्टनचा बर्फ चाखला, त्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने वायूचे संपीडन आणि द्रवाचे बाष्पीभवन यांच्या अखंड चक्राने गारवा उत्पन्न करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राला जग जिंकावयास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. 1870 नंतर बर्फाचे कारखाने निघू लागले, कलकत्त्यास 1878 मध्ये बेंगॉल आइस कंपनी स्थापन झाली, आणि दशकभरात अमेरिकन बर्फाचा व्यापार इतिहासजमा झाला. यांत्रिक बर्फ स्वस्त झाला, मासळीच्या धंद्याला आणि कुल्फीवाल्याला तो वरदान ठरला. तरी तो गोणपाटात व भुशातच घरी येई, आणि राखणीची शिस्त तेवढ्यापुरती अबाधित राहिली.

ती शिस्त मोडली विजेने. 1905 साली मुंबईत वीज आणि ट्राम यांची कंपनी स्थापन झाली. 1915 साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रातून, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली आणून, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. येथे एक हिशेब मांडण्याचा मोह मला आवरत नाही. घाटमाथ्यावरचे पाणी सुमारे 500 मीटर खाली येते असे धरले, आणि यंत्रांतील घट वजा केली, तर एक युनिट वीज मिळण्यासाठी नऊशे-हजार लिटर पाणी सह्याद्रीवरून खाली उतरावे लागते. जे शीतकपाट दिवसाला एक युनिट वीज वापरते, त्याच्यासाठी दररोज एवढे पाणी घाट उतरते, ही कल्पना ज्याच्या मनात एकदा ठसली, त्याला पुढे उपदेशाची गरज पडेल असे वाटत नाही. आज तर आपल्या विजेचा मोठा भाग पाण्यापासून नव्हे, कोराडी, चंद्रपूर अशा ठिकाणी जाळलेल्या कोळशापासून येतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या थंडीची किंमत विदर्भाची हवा मोजते.

घरगुती शीतकपाट अमेरिकेत लोकप्रिय झाले ते 1927 नंतर, जनरल इलेक्ट्रिकच्या माथ्यावर गोल यंत्र असलेल्या कपाटापासून. आपल्याकडे ते प्रथम परदेशी माल म्हणून आले, आणि 1958 साली विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात त्याचे देशी उत्पादन सुरू झाले. मध्यमवर्गीय घरांत ते शिरले तेव्हा त्याला जागा मिळाली ती बहुधा दिवाणखान्यात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडावे हा हेतू त्यात होताच, परंतु स्वयंपाकघरात जागाही नसे. आणि परिणामी हे यंत्र चुलीपासून, स्टोव्हपासून दूर, मोकळ्या हवेत राहिले. चाळीत एकाच्या घरी फ्रिज आला की शेजारच्या बिऱ्हाडांचे दूध आणि औषधांच्या बाटल्याही त्यात विसावत, एवढे ते सार्वजनिक होते. आता नव्या सदनिकांत त्याला ओट्यालगत, शेगडीच्या शेजारी, तिन्ही बाजूंनी बंदिस्त अशा कोनाड्यात बसवितात. दिसावयास ते नीटनेटके दिसते. विजेच्या दृष्टीने मात्र ही पीछेहाट आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण शीतकपाट गारवा ‘तयार’ करीत नाही. आतली उष्णता उपसून पाठीमागच्या किंवा बाजूच्या नळ्यांवाटे ते बाहेर टाकते, आणि बाहेरची उष्णता भिंतींतून अविरत आत झिरपत असते. हा उपसा कधी संपत नाही. आत 5 अंश आणि बाहेर 30 अंश असतील तर फरक 25 अंशांचा; तेच कपाट शेगडीपाशी वा उन्हाच्या भिंतीला लागून 40 अंशांच्या हवेत उभे असेल तर फरक 35 अंशांचा होतो. झिरपणारी उष्णता चाळीस टक्क्यांनी वाढते, आणि ती दर मापामागे उपसण्याचे श्रमही, तात्त्विक हिशेबाने, तेवढ्याच प्रमाणात वाढतात. दोन्हींचा गुणाकार केला की वीज जवळजवळ दुप्पट लागते. ट्यूडरने भुसा का वापरला आणि बर्फगृहाच्या भिंती जाड का होत्या, याचे हेच उत्तर आहे. म्हणून कपाट ठेवण्याच्या जागेची निवड ही पहिली आणि सर्वांत मोठी बचत होय. भिंतीपासून वीतभर अंतर, माथ्यावर मोकळी हवा, आणि मागच्या नळ्यांवर साचलेल्या धुळीची अधूनमधून झाडलोट, एवढ्याने पुष्कळ साधते.

याउलट, ज्या गोष्टीवरून घरोघरी मुलांना दटावणी होते, ती दार उघडण्याची गोष्ट मला तितकीशी गंभीर वाटत नाही. दोनशे लिटरच्या कपाटातील सर्व हवा बदलली, आणि बाहेर पावसाळ्याची दमट हवा असली, तरी आत येणारी उष्णता साडेतीन-चार किलोकॅलरी भरते. त्यातही निम्म्याहून अधिक भार हवेतल्या बाष्पाचा असतो, जे आत गोठून बर्फाचे पुट चढविते. आता दुधाचा हिशेब पाहा. 90 अंशांचे एक लिटर कढत दूध तसेच आत ठेवले, तर ते 5 अंशांवर आणण्यासाठी सुमारे 85 किलोकॅलरी उपसाव्या लागतात, म्हणजे वीसएक वेळा दार उघडल्याएवढ्या; परातीत पाणी घालून त्यात पातेले ठेवले, पाणी एकदोनदा बदलले, आणि दूध 30 अंशांपर्यंत निववून मग आत ठेवले, तर अवघ्या 25. दूध परातीत निववण्याची रीत महाराष्ट्रातील घरोघरच्या बायकांना माहीत होती आणि आहे. तिच्यात यंत्रशास्त्राचा एवढा अर्क आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही, इतकेच. एक सावधगिरी मात्र हवी: निवण्यासाठी म्हणून अन्न दिवसभर ओट्यावर राहू देऊ नये, कारण मुंबईच्या उन्हाळ्यात ते तासा-दोन तासांत बिघडू लागते, आणि वाया गेलेल्या अन्नाची भरपाई कोणत्याही विजेच्या बिलाने होत नाही.

पुटाचा विषय निघालाच आहे. शीतकप्प्यावर चढलेला बर्फ पाहून पुष्कळांना यंत्र जोमाने काम करीत असल्याचा भास होतो. वस्तुतः बर्फ उष्णतेचा मंद वाहक असल्याने तो थर शीतनलिका आणि अन्न यांच्यामध्ये आड येतो, आणि यंत्राला अधिक काळ चालावे लागते. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो उतरवून टाकावा. मात्र सुरीने खरवडू नये, नळीला छिद्र पडून सगळेच यंत्र निकामी होते. तापमानाची कळ हिवाळ्यात खाली आणणे, पातळ पदार्थ झाकून ठेवणे, खालच्या कप्प्यात हवा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवणे, ही कामे त्याच मालिकेतली. शीतकप्पा मात्र भरलेला असणे बरे, कारण वाइथच्या लाद्यांप्रमाणे गोठलेला साठा एकमेकांना राखतो आणि वीज गेली तरी तग धरतो.

यंत्रांतही सुधारणा होत गेली. भिंतींतील काचलोकरीची जागा 1980 नंतरच्या काळात पॉलियुरेथेनच्या फेसाने घेतली, ज्याला जाहिरातींनी ‘पफ’ हे नाव घरोघरी पोचविले. तेवढ्याच जाडीच्या भिंतीतून त्यामुळे झिरप पुष्कळ कमी झाली. ऊर्जा संधारण कायदा 2001 साली झाला, त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो 1 मार्च 2002 रोजी अस्तित्वात आला, 2006 पासून ताऱ्यांची चिठ्ठी शीतकपाटांवर दिसू लागली, आणि 2010 च्या जानेवारीत पुट न चढणाऱ्या, अर्थात फ्रॉस्ट-फ्री कपाटांना ती सक्तीची झाली. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने चिठ्ठीवरील ताऱ्यांइतकाच त्यावरील सालाचा आणि वार्षिक युनिटांचा आकडा पाहणे आवश्यक आहे. जुन्या सालाचे पाच तारे नव्या निकषावर कमी भरतात.

आता जुन्या कपाटांविषयी, कारण या इतिहासातील तो भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो. नवे आले की जुने एक तर घरातच बाटल्या थंड करण्यासाठी दुसऱ्या खोलीत चालू ठेवले जाते, आणि एकाऐवजी दोन यंत्रांचे बिल येते. नाही तर ते घरकामाच्या बाईला, रखवालदाराला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला स्वस्तात दिले जाते. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु झिजलेल्या दाराचे आणि जीर्ण अस्तराचे ते यंत्र पत्र्याच्या छपराखाली, उन्हाने तापलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत उभे राहते, आणि ज्याला बिलाचा भार सर्वांत कमी सोसवतो त्याच्याच माथी सर्वांत जास्त युनिटे पडतात. अशा कपाटाचा पहिला दोष बहुधा दाराच्या रबरात असतो. दार लावताना मध्ये कागदाचा कपटा धरावा आणि ओढून पाहावा. तो विनासायास सुटून आला तर तेथून उष्णता आत जात आहे असे समजावे. हे रबर, ज्याला मेकॅनिक गॅस्केट म्हणतात, ते बदलून मिळते, आणि नव्या कपाटाच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ असते. जुने कपाट कुणाला द्यावयाचे झाले तर ते रबर आधी बदलून, मागच्या नळ्या झाडून आणि पुट उतरवून मगच द्यावे, आणि ते कोणत्या भिंतीला, उन्हापासून किती दूर उभे राहणार आहे, हे देणाऱ्याने तेथे स्वतः जाऊन पाहावे.